दोन पंचगंगांकाठचे हिवाळी सूप

चिकन आणि भाज्यांचे सूप चांगले उतरते ते त्याच्या पाण्यामुळे. चिकन कितीही कोवळे असो, भाज्या कितीही ताज्या असोत, सगळे एकदम साध्या पाण्यात घालून उकळले आणि शेवटी मक्याचे पीठ लावून दाट केले, तर त्याला ना चव येते ना कस. आधी कसदार पाणी काढायचे, ते गाळून घ्यायचे आणि मग त्यात प्रत्येक भाजी तिच्या तिच्या वेळेला सोडायची, असा या सुपाचा क्रम आहे. हा क्रम नीट पाळला तर मसाला, लोणी, साय, बाजारच्या सुपाच्या वड्या यांपैकी कशाचीच गरज उरत नाही.

असे कसदार पाणी काढण्याची रीत मराठी घरांना नवी नाही. कोल्हापूरकडे पंचगंगेच्या काठी कोंबडीचे किंवा मटणाचे जे अळणी पाणी काढतात, ते सूपच असते. हळद, आले-लसूण आणि बेताचे मीठ घालून मांस शिजवायचे. तिखट-मसाला पडण्याआधी त्यातले वाटीभर पाणी बाजूला काढून मुलांना, म्हाताऱ्यांना आणि आजारातून उठलेल्यांना द्यायचे. उरलेल्या पाण्याचा पुढे पांढरा रस्सा होतो. आयुर्वेदातही मांसरस आणि यूष असे दोन प्रकार येतात. मांसरस म्हणजे मांस शिजवून काढलेले पाणी, यूष म्हणजे मूग किंवा इतर कडधान्य शिजवून काढलेले पाणी. तूप-मीठ-मसाला घातलेला यूष ‘कृत’ आणि न घातलेला ‘अकृत’, असा भेदही तिथे केलेला आहे. सुपाचे हे दोन्ही रस्ते, कोंबडीचा आणि मुगाचा, इथल्या स्वयंपाकात पूर्वीपासून आहेत.

दुसरा रस्ता समजून घ्यायला काशीचा पंचगंगा घाट चांगला. हा घाट आणि त्याच्या शेजारचे दुर्गा घाट व ब्रह्मा घाट हा काशीतल्या मराठी वस्तीचा जुना पट्टा. एकनाथांनी भागवतावरची आपली टीका काशीतच, इ.स. १५७३ मध्ये पुरी केली. इथले बिंदुमाधवाचे आजचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले आणि घाटावरचा दगडी हजारा दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांचा म्हणून ओळखला जातो. कार्तिकात इथे पहाटेचे स्नान आणि उंच बांबूंवर टांगलेले आकाशदीप. पुढे माघातही स्नानाला माणसे येतातच. घाटाच्या वरच्या गल्ल्या इतक्या अरुंद की डिसेंबरअखेर आणि जानेवारीत खालच्या मजल्यावर ऊन पोचत नाही. दाट धुके पडले की दिवसाही गारठा हटत नाही आणि रात्रीचा पारा कित्येकदा ८-१० अंशांच्या खाली जातो. इथल्या सोवळ्या घरांत चिकन शिजत नाही. पण हिवाळा हाच काशीच्या भाजीबाजाराचा सर्वांत भरीचा काळ असतो, त्यामुळे कोंबडीशिवायही कसदार सूप करता येते. शहरातल्या ज्या घरांत चिकन चालते, तिथेही भाजी याच बाजारातली असते. म्हणून पुढे दोन्ही पाण्यांची कृती दिली आहे. त्यात पडणाऱ्या भाज्या आणि त्यांचा क्रम मात्र एकच.

काशीत घाऊक भाजीबाजाराला सट्टी म्हणतात. थंडीत सट्टीत आणि गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवाल्यांकडे हिरवा मटार, फुलकोबी, लाल देशी गाजर, पांढरा मुळा, सलगम, नवा बटाटा, पालक, मेथी, लसणाची पात आणि आपल्याकडे ज्याला चाकवत म्हणतात तो बथुआ भरपूर असतो. सुपासाठी मटाराच्या शेंगा पाहून घ्याव्यात. शेंग हिरवीगार आणि तुकतुकीत हवी, दाबली की कट्‌ असा आवाज यावा. पिवळसर, मऊ पडलेल्या शेंगेतला दाणा पिठूळ झालेला असतो. तो उसळीला ठीक, सुपाला नाही. गाजर लाल देशीच घ्यावे, ते अधिक गोड असते. फुलकोबीचा गड्डा घट्ट, आणि त्याची कोवळी पाने व दांडा शाबूत असलेला घ्यावा, कारण ते दोन्ही पाणी काढायला उपयोगी पडतात. सोललेल्या मटाराची टरफले बहुतेक घरांत थेट कचऱ्यात किंवा गायीपुढे जातात. त्यांच्यातच खरी गोडी असते, आणि ती टाकून वर सुपात साखर घालणे हा शुद्ध अपव्यय आहे.

चिकनचे पाणी चार माणसांसाठी काढायचे तर अर्धा किलो हाडासकट, कातडी काढलेले चिकन घ्यावे. नुसते छातीचे बिनहाडाचे तुकडे सुपाला निरुपयोगी. पाय, मान, पाठीचा सांगाडा यांत हाडे आणि सांध्यांचा चिवट भाग जास्त असतो. त्या चिवट भागात कोलॅजन हे प्रथिन असते. मंद आचेवर हळूहळू शिजताना त्याचे जिलेटिन होऊन ते पाण्यात उतरते. ओठांना किंचित चिकटणारा जो दाटपणा चांगल्या अळणी पाण्याला असतो, तो याच जिलेटिनचा. छातीचा एखादा तुकडा खाण्यापुरता घालायला हरकत नाही. कच्चे चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नये. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी चिरून ठेवलेल्या भाजीवर उडतात आणि जंतू पसरतात. धुवायचेच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन अलगद धुवावे आणि नंतर हात, सुरी व पाट साबणाने स्वच्छ करावेत. भाजीचा पाट वेगळाच ठेवलेला बरा.

जाड बुडाच्या पातेल्यात चिकन, दीड लिटर गार पाणी आणि अर्धा चमचा मीठ घालून मध्यम आचेवर ठेवावे. गार पाण्यापासून सुरुवात केली म्हणजे कस सावकाश सुटतो. पाणी तापू लागले की वर करडा फेस येतो. तो झाऱ्याने दोन-तीनदा काढून टाकावा. फेस यायचा थांबला की चार भाग केलेला एक कांदा, ठेचलेले बोटभर आले, पाच-सहा लसूण पाकळ्या, आठ-दहा मिरी, एक तमालपत्र आणि पाव चमचा हळद घालावी. यानंतर आच इतकी कमी करावी की पाण्यात इकडेतिकडे एखादाच बुडबुडा फुटावा. खळखळा उकळले तर चरबी पाण्यात फेसाळून मिसळते, सूप गढूळ होते आणि मांस दोऱ्यासारखे होते. ब्रॉयलर कोंबडीला असे पाऊण तास, गावरान कोंबडीला दीड तास लागतो. छातीचा तुकडा घातला असेल तर तो वीस मिनिटांनी काढून ठेवावा. कुकरमध्ये करायचे तर कांदा, आले-लसूण आणि मिरी घालून, फेस काढूनच झाकण लावावे. दोन शिट्ट्यांनंतर ब्रॉयलरला मंद आचेवर दहा मिनिटे, गावरानला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. कुकरमधले पाणी जरा गढूळ होते, कस मात्र कमी होत नाही. पाणी गाळावे, मांस हाडांपासून सोडवून त्याचे बारीक तुकडे करावेत. गाळलेले पाणी थोडे थांबू द्यावे. वर आलेली चरबी पळीने काढता येते. ती सगळी काढू नये, चमचाभर राहू द्यावी. त्याचे कारण पुढे येईल.

मटाराचे पाणी यापेक्षा लवकर होते. पाव किलो मटाराची टरफले तीन पाण्यांत चोळून धुवावीत, कारण शेंगेवर माती आणि फवारणीचा अंश असतो. त्यांत फुलकोबीचा सोललेला दांडा, गाजराची टोके, कोथिंबिरीच्या काड्या, ठेचलेले आले, सहा-सात मिरी आणि सव्वा लिटर पाणी घालून मंद आचेवर पंचवीस मिनिटे उकळावे. याहून जास्त नको. कोबीवर्गातल्या भाज्या फार वेळ शिजल्या की त्यांना गंधकाचा उग्र वास सुटतो. गाळताना टरफले चाळणीवर डावाने दाबून रस काढून घ्यावा. टरफलाच्या आत पातळ पण चिवट पापुद्रा असतो, म्हणून टरफले मिक्सरमध्ये वाटून सुपात घालू नयेत, घशाशी तूस लागते. प्रथिनांसाठी पाव वाटी मुगाची डाळ धुऊन वेगळी मऊ शिजवावी आणि घोटून या पाण्यात मिसळावी. हे पाणी मुगाच्या यूषाचेच थोरले भावंड म्हणावे असे. कार्तिकात किंवा माघात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत फोडणीला हिंग, जिरे आणि आले पुरेसे होते, चव कुठेही उणी पडत नाही.

आता भाज्या. गाळलेल्या पाण्यात पुढील प्रमाण बसते : एक मोठे गाजर, निम्मा सलगम किंवा थोडा मुळा, वाटीभर फुलकोबीचे लहान तुरे, वाटीभर मटार, मूठभर चिरलेला पानकोबी, दोन टोमॅटो, दोन मुठी पालक किंवा चाकवत आणि लसणाच्या पातीच्या तीन-चार काड्या. कठीण भाज्यांचे तुकडे मटाराएवढे करावेत. तुकडे सारखे असले म्हणजे सारखे शिजतात आणि एका चमच्यात दोन-तीन भाज्या येतात. फुलकोबीचे तुरे चिरल्यावर कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवले की आत दडलेल्या अळ्या वर येतात.

पातेल्यात चमचाभर तूप, किंवा चिकनच्या पाण्यावरची राखून ठेवलेली चरबी तापवावी. त्यात लसणाच्या पातीचा पांढरा भाग परतावा, मग गाजर आणि सलगम दोन-तीन मिनिटे परतावेत. तुपाला गाजराचा रंग चढतो हे डोळ्यांना दिसते. गाजरातले बीटा-कॅरोटिन पाण्यात नाही तर स्निग्धात विरघळते आणि शरीरही ते स्निग्धासोबतच नीट शोषते. अगदी बिनतुपाचे सूप म्हणजे अधिक पौष्टिक, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. यावर गरम कसदार पाणी ओतून सहा-सात मिनिटे शिजू द्यावे. मग फुलकोबी आणि मटार घालून पाच मिनिटे, पानकोबी घालून आणखी दोन मिनिटे. पालक किंवा चाकवत चिरून अगदी शेवटी, आच बंद करायच्या मिनिटभर आधी. याच वेळी सोडवलेले चिकनचे तुकडेही घालावेत. ते आधीच शिजलेले असतात, त्यांना फक्त गरम व्हायचे असते. हिरव्या भाज्या पडल्यावर पातेल्यावर झाकण ठेवू नये. भाज्यांतली आम्लद्रव्ये वाफेबरोबर निघून जातात आणि रंग टिकतो. झाकण ठेवले तर तीच परत पाण्यात पडून मटार-पालक काळपट होतात.

टोमॅटोबद्दल सर्वांत जास्त चूक होते. फोडणीतच टोमॅटो घालायची सवय भाजी-आमटीला ठीक आहे. सुपात मात्र आंबटपणा आधी पडला की गाजर, सलगम, डाळ सगळेच लवकर मऊ होत नाही. शिजवण्याचा वेळ वाढतो आणि तेवढ्यात हिरव्या भाज्यांचा रंग उतरतो. म्हणून टोमॅटो वेगळे उकडून, साल काढून, घोटून भाज्या शिजल्यावर घालावेत. लिंबू तर पातेले खाली उतरवल्यावरच. उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होते, आणि लिंबातले तेच जीवनसत्त्व पालकातले लोह शोषायला मदत करते. दोन्ही कारणांनी ते शेवटी पिळलेलेच चांगले. भाजी शिजवून पाणी फेकून देण्याच्या पद्धतीत पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाया जातात. सुपात पाणीच प्यायचे असल्यामुळे ती वाटीतच राहतात.

दाटपणासाठी बाहेर हमखास मक्याचे पीठ लावतात. घरी त्याची गरज नाही. शिजलेल्या भाज्यांतला एक डाव काढून घोटून परत मिसळला तरी पुरे. याहून चांगली युक्ती काशीच्या घरांतूनच घेता येते. तिथे थंडीत निमोना करतात, म्हणजे ओला मटार भरड वाटून, तेलात परतून केलेली दाट भाजी. त्याच धर्तीवर मूठभर कच्चा मटार भरड वाटावा, अर्धा चमचा तुपात मंद आचेवर तीन-चार मिनिटे, कच्चा वास जाऊन खमंग वास सुटेपर्यंत परतावा आणि भाज्या अर्ध्या शिजल्या की सुपात सोडावा. सूप दाट होते, हिरवे दिसते आणि प्रथिनेही वाढतात. चिकनच्या सुपातही हे उत्तम जमते. वाटण करपू मात्र देऊ नये. करपलेला मटार सगळे पातेले कडवट करतो.

मीठ शेवटी चाखून घालावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण चमचाभराच्या आतच मीठ खावे. सूप पातळ असल्यामुळे त्यात मीठ सहज जास्त पडते, आणि बाजारच्या सुपाच्या पाकिटांत व वड्यांत ते आधीच भरपूर असते. रक्तदाब असलेल्यांनी या वड्या टाळाव्यातच. मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आल्याचा रस आणि लिंबू यांनी चव उठते, मग कमी मीठ जाणवत नाही. वर्षाच्या आतल्या बाळासाठी पाणी काढायचे असेल तर मीठ मुळीच घालू नये.

सर्दीत चिकन सूप द्यावे ही समजूत जगभर आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू वैद्यानेही कोंबडीच्या रसाची शिफारस केली होती. १९७८ मध्ये ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका छोट्या अभ्यासात गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला चिकट स्राव लवकर वाहता झाल्याचे दिसले. २००० मध्ये त्याच नियतकालिकात अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या स्टीफन रेनार्ड यांचा अभ्यास आला. दाहात भाग घेणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल सुपामुळे मंदावते, असे प्रयोगशाळेत आढळले. हा प्रयोग काचेच्या भांड्यातला होता, रुग्णांवरचा नव्हता, त्यामुळे सूप सर्दी बरी करते असे त्यावरून म्हणता येत नाही. त्यात एक गोष्ट मात्र शाकाहारी घरांनी लक्षात घ्यावी अशी आहे : चिकनप्रमाणेच त्या सुपातल्या भाज्यांचाही स्वतंत्रपणे असाच परिणाम दिसला. बाकी गरम वाफ, पोटात जाणारे पाणी, थोडे मीठ आणि सहज पचणारी प्रथिने हे फायदे उघडच आहेत, आणि आजारपणात अन्नावरची वासना गेलेल्या माणसाला तेच हवे असतात.

पहाटे गंगेवर स्नानाला जाणाऱ्या वयस्कर मंडळींनी सूप आधी पिऊन नव्हे, तर परतल्यावर, अंग पुसून कोरडे गरम कपडे घातल्यावर घ्यावे. गार पाण्यात उतरताच रक्तदाब चढतो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी कडाक्याच्या थंडीत डुबकीऐवजी घरी कोमट पाण्याने स्नान करावे, सुपाने ती जोखीम कमी होत नाही. रात्रीच्या जेवणाऐवजी नुसते सूप घेण्याची पद्धत वजन कमी करणाऱ्यांना सोयीची वाटते, पण वाटीभर पातळ सुपात म्हाताऱ्या माणसाला पुरेल इतके अन्न नसते. त्यात शिजलेला दलिया किंवा भात घालावा, नाहीतर सोबत बाजरीची भाकरी द्यावी. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक आणि चाकवत दोन्ही वगळावेत, त्यांत ऑक्झलेट जास्त असते. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी चिकनच्या दाट पाण्याऐवजी भाज्यांचे पाणी घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी सूप रोजचे करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. अशा गोळ्यांसोबत पालेभाज्या एकदम वाढवणे किंवा तोडणे, दोन्ही चांगले नाही.

थंडी आहे म्हणून पातेले रात्रभर ओट्यावर ठेवण्याची चाल सगळीकडेच आहे. बाहेर पारा ८ अंशांवर असला तरी स्वयंपाकघर तेवढे गार नसते, आणि मोठे पातेले मधोमध तासन्‌तास कोमट राहते. जंतूंना तेवढे पुरते. उरलेले सूप उथळ भांड्यांत ओतून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन दिवसांत संपवावे. खायच्या वेळी हवे तेवढेच काढून चांगली उकळी आणावी. सगळे पातेले रोज तापवून परत ठेवू नये. नुसते गाळलेले पाणी मात्र बर्फाच्या साच्यात गोठवले तर महिनाभर चालते. भाज्या ज्या त्या दिवशी ताज्या चिरून त्यात घालाव्यात. फेब्रुवारी सरता सरता मटार पिठूळ होऊ लागतो, म्हणून टरफलांचे पाणी जानेवारीतच काढून गोठवून ठेवावे.